फाटकापलीकडचं मैदान : एका फुटबॉल क्लबच्या स्थलांतराचा अभ्यास

शुक्रवारी जुन्या पटांगणावर त्रेपन्न पोरं सरावाला होती. सोमवारी नव्या स्टेडियमवर एकोणीस आली. हजेरीची वही माझ्याकडेच असते, त्यामुळे मोजण्यात चूक झाली असंही म्हणता येईना. "पहिलाच दिवस आहे, उद्या भरतील," असं आमचे कोच म्हणाले. मंगळवारी सतरा आली.

या स्टेडियमसाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज केले होते, हेलपाटे घातले होते. हिरवं गवत, पत्र्याच्या सावलीतल्या पायऱ्या, कपडे बदलायला खोली, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह. मागितलं ते सगळं मिळालं, आणि पोरं मात्र घरी राहिली. असं का झालं, आम्ही काय चुकलो आणि पुढे काय केलं, ते सगळं इथे मांडतो. मी या क्लबचा चिटणीस आहे आणि स्थलांतराचा ठराव माझ्याच हातचा आहे. गावाचं आणि क्लबचं नाव देत नाही, कारण यातली बहुतेक माणसं अजून रोज संध्याकाळी एकमेकांसमोर येतात. जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचं, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं, कापसाचं आणि अहिराणीचं तालुक्याचं गाव, एवढी ओळख पुरे आहे.

जुनं पटांगण

जुनं पटांगण जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, भिंतीला लागून आहे. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला वस्ती, मधे ही मोकळी जागा. क्लबातल्या बहुतेक पोरांचं घर तिथून दहा मिनिटांच्या चालीवर. शाळा सुटली की दप्तर भिंतीला टेकवायचं, चप्पल काढायची आणि खेळायला लागायचं. घरी जाऊन यायचीही गरज नव्हती. आई ओट्यावरून हाक मारायची आणि ती हाक मैदानात ऐकू यायची.

जमीन मात्र काळी. खानदेशातल्या माणसाला काळ्या जमिनीचं कौतुक असतं, कपाशीला ती आईसारखी आहे. खेळाला ती वैरीण आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात चिखल बुटाला असा धरायचा की पोरगं दहा पावलांत दोन इंच उंच व्हायचं. भिंतीवर बूट आपटून, काडीने खरवडून पुन्हा मैदानात. एप्रिल-मेमध्ये उलटं. पटांगणभर भेगा पडायच्या, काही इतक्या खोल की माझा हात मनगटापर्यंत आत जायचा. दर रविवारी सकाळी आम्ही घमेल्याने मुरूम आणि वाळू टाकून त्या बुजवायचो, वरून पाणी मारायचो आणि रोलर फिरवायचो. पुढच्या रविवारी शेजारी नवी भेग तयार असायची. एका मे महिन्यात चौदा वर्षांच्या एका पोराचा पाय भेगेत अडकून घोटा मोडला. त्याला दवाखान्यात नेताना रिक्षात मी त्याचा पाय मांडीवर धरून बसलो होतो. इथून निघायचं, हे माझ्या मनाने त्या रिक्षातच ठरवलं.

दुसरं कारण मापाचं. फुटबॉलच्या नियमांत मैदानाची लांबी कमीत कमी ९० मीटर आणि जास्तीत जास्त १२० मीटर, रुंदी ४५ ते ९० मीटर सांगितली आहे. मोठ्या सामन्यांसाठी हल्ली सगळीकडे १०५ बाय ६८ मीटर हे माप धरतात. आमचं पटांगण रस्ता रुंदीकरणानंतर ८४ बाय ५२ उरलं होतं. गुणाकार केला की कळतं, पूर्ण मापाचं मैदान आमच्या दीडपटीहून मोठं. सुब्रतो करंडकाच्या शालेय फेऱ्यांना किंवा जिल्ह्याच्या स्पर्धांना आमची पोरं जायची तेव्हा पहिला अर्धा तास सुरेख खेळायची आणि मग त्यांचा दम तुटायचा. ती घरी ज्या अंतरावर पास द्यायची, तिथे त्या मैदानावर कोणी उभंच नसायचं. लांब चेंडू मारायची त्यांना सवय नव्हती, कारण घरी लांब मारला की तो जिनिंगच्या आवारात जायचा.

ठराव

तालुक्याचं क्रीडा संकुल उभं राहिलं ते गावापासून साडेतीन किलोमीटरवर, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. गावात एवढी सलग जागा नव्हती आणि सरकारी जमीन जिथे असते तिथेच अशा गोष्टी होतात, यात कोणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. संकुल समितीने संध्याकाळची वेळ द्यायचं तोंडी कबूल केलं. आम्ही सर्वसाधारण सभा बोलावली. माती, माप, दुखापती, स्वच्छतागृह या सगळ्यावर चर्चा झाली. टाळ्या पडल्या.

आबा एकटे उठले. आबा म्हणजे क्लबचे सगळ्यात जुने खेळाडू, आता सत्तरीला आलेले, रोज सर्वांच्या आधी येऊन फक्कीने रेघा मारणारे. ते एवढंच म्हणाले, "सगळं चांगलं शे. पन पोरे इतली लांब येतीन का रे भाऊ?" सभेत कोणीतरी म्हणालं, आबा, हल्ली सगळ्यांकडे गाड्या आहेत. हशा झाला, आबा बसले. मी ठरावाच्या वहीत लिहिलं, 'अंतराबाबत एका सभासदाने शंका व्यक्त केली. चर्चेअंती ती किरकोळ असल्याचे ठरले.' ते वाक्य अजून वहीत आहे आणि या प्रकरणात सगळ्यात महाग पडलेली ओळ तीच.

हजेरीची वही

तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढे घर कुठे ते लिहिलं. त्रेपन्न नावांत बारा वर्षांच्या आतली चोवीस, मुली सात, बाकीची बावीस मोठी पोरं. मोठ्यांपैकी सतरा नव्या स्टेडियमवर येत होती. त्यांच्याकडे सायकली होत्या, काहींकडे मोठ्या भावाची मोटारसायकल. लहान चोविसांपैकी दोन आली होती आणि दोघांचे वडील त्यांना गाडीवर सोडत होते. मुलींपैकी एकही नाही.

म्हणजे क्लबचे सगळे थर सारखे कमी झाले नव्हते. वरचा थर जवळपास शाबूत होता आणि खालचा गळून पडला होता. हे कळलं तेव्हा मला खरी भीती वाटली. आज जी मोठी पोरं आहेत ती तीन-चार वर्षांत बारावी करून पुण्याला, नाशकाला, सुरतेला जातील. त्यांच्या मागे जी यायला हवीत ती आज दहा वर्षांची आहेत आणि घरी बसली आहेत. एवढ्या उत्तम मैदानावर पाच वर्षांनी कोण खेळणार होतं?

मग मी आणि कोच घरोघर गेलो. पहिल्या तीन घरांत कारण एकच निघालं, फाटक.

ते फाटक ज्याने पाहिलं नाही त्याला हे कळणार नाही. घंटा वाजते, दांडा खाली येतो आणि मालगाडी दिसायच्या आधीच दोन्ही बाजूंनी रांग लागते. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि फुगलेले ट्रक, त्यांच्या मधल्या फटीतून पुढे घुसणाऱ्या मोटारसायकली, आणि या सगळ्याच्या खाली, ट्रकच्या चाकाच्या उंचीला, सायकल धरून उभी दहा वर्षांची पोरं. गाडी आली की पोरं तिच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, मोजतात. अठ्ठावन्न, एकोणसाठ भरतात. ती गेली की दांडा वर जाईल असं वाटतं, पण दुहेरी मार्ग आहे, समोरून दुसरी येत असते. मग एखादं पोरगं सायकल आडवी करून दांड्याखालून जातं. तो गुन्हा तर आहेच. पण आईला गुन्ह्याची नाही, रुळांची भीती असते. एका माउलीने तुरीच्या शेंगा सोलता सोलता मान वर न करता मला सांगितलं, "मन्हा पोऱ्या फाटक वलांडीसन जास तं मन्हा जीव थारावर ऱ्हास नही." यावर मी काय बोलणार? मी तिच्या जागी असतो तर मीही पाठवलं नसतं.

मुलींच्या घरी फाटकाचं नाव निघालं नाही. तिथे शब्द होता अंधार. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. शाळा सुटून साडेतीन किलोमीटर जायचं, फाटकावर थांबायचं, तासभर खेळायचं आणि परत यायचं, म्हणजे घरी पोचेपर्यंत रात्र. रस्त्यावर जिनिंगचा शेवटचा दिवा सोडला तर फाटकापर्यंत उजेड नाही. कुठल्याही बापाने मला असं म्हटलं नाही की मुलीने फुटबॉल खेळू नये. जुन्या पटांगणावर त्या शाळेतून घरी जाताना वाटेतच खेळायच्या. परवानगी मागावी लागेल असा प्रश्नच कधी घरात निघाला नव्हता. नव्या मैदानासाठी पहिल्यांदाच परवानगी मागायची वेळ आली, आणि मागितली की नाही म्हणायची सोय तयार होते. मुलींच्या खेळाबद्दल मी इतकी भाषणं ऐकली आहेत, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स्वच्छतागृह हवंच होतं. पण ते ज्यांच्यासाठी बांधलं त्या तिथपर्यंत पोचतच नव्हत्या.

स्टेडियममधलं अंतर

आणखी एक अंतर होतं, ते स्टेडियमच्या आतलं. संकुलात मैदानाभोवती धावण्याचा मार्ग आहे, ४०० मीटरचा, आठ पट्ट्यांचा. तो असायलाच हवा. पण त्याचा हिशेब आधी केला नव्हता, तो आता करून दाखवतो. प्रमाणित मार्गाच्या सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि वळणांची त्रिज्या ३६.५ मीटर. म्हणजे आतली जागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १५७ मीटर. त्यात १०५ मीटरचं मैदान बसवलं की प्रत्येक गोलच्या मागे २६ मीटर रिकामे. त्यात आठ पट्ट्यांचे, प्रत्येकी १.२२ मीटरप्रमाणे, जवळपास दहा मीटर मिळवा. गोलमागे उभा राहणारा माणूस गोलरेषेपासून ३६ मीटर लांब.

जुन्या पटांगणावर तो जाळीला नाक लावून उभा असायचा. जिनिंगचे हमाल पाळी संपली की डोक्यावरचं फडकं सोडून तिथे बसायचे. दूधवाले काका कॅन खाली ठेवायचे. त्यांना प्रत्येक पोराचं नाव माहीत होतं आणि चुकला की त्याच्या बापाचंही नाव निघायचं. गोलीला, म्हणजे गोलकीपरला, मागून सल्ले मिळायचे, अर्धे चुकीचे, पण तो एकटा नसायचा. नव्या पायऱ्यांवरून हाक मारली तर पोहोचत नाही. पहिल्या सामन्याला आमचा गोलकीपर मला म्हणाला, "दादा, इथं कसं सुनंसुनं वाटतं." मैदान हिरवंगार होतं, समोर माणसंही होती, तरी त्याला तसं वाटलं.

हे दुखणं फक्त आमच्यासारख्या लहान क्लबचं नाही. इटलीतल्या तोरिनो शहरात १९९० च्या विश्वचषकासाठी देल्ले आल्पी नावाचं स्टेडियम बांधलं होतं, सुमारे ६९ हजार प्रेक्षकांचं, भोवती धावण्याचा मार्ग असलेलं. युव्हेंटससारखा क्लब तिथे खेळायचा आणि पायऱ्या रिकाम्या राहायच्या. प्रेक्षक म्हणायचे, दिसतच नाही. शेवटी ते पाडून त्याच जागी युव्हेंटसने २०११ मध्ये स्वतःचं नवं स्टेडियम उघडलं, जेमतेम ४१ हजारांचं, मार्ग काढून टाकलेलं, पायऱ्या मैदानाला खेटून. मोठ्या क्लबने मुद्दाम लहान घर बांधलं आणि ते भरलं. लंडनच्या वेस्ट हॅमने २०१६ मध्ये उलटा प्रवास केला. १९०४ पासूनचं, घरांच्या गल्लीत दाटीने बसलेलं अपटन पार्क सोडून ते २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये ९९ वर्षांच्या कराराने गेले, आणि प्रेक्षक मैदानापासून लांब पडल्याची तक्रार तिथे अजून ऐकू येते.

आम्ही यावर काय केलं? फार काही करता येण्यासारखं नव्हतं. सामन्याच्या दिवशी लहान पोरांना आणि जुन्या मंडळींना पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, गोलपासून अंतर राखून, सतरंजीवर बसवायची परवानगी आम्ही मागून घेतली. ती मिळाली. आता गोलीच्या मागे पुन्हा आवाज असतो.

दिशेबद्दल एक सांगायला हवं. मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण लांब असावं, म्हणजे मावळतीचा सूर्य कोणाच्या डोळ्यांत जात नाही. आमचं जुनं पटांगण योगायोगाने तसं होतं. नवं पूर्व-पश्चिम आहे. संध्याकाळच्या सामन्यात एका गोलीला अर्धा तास चेंडू दिसत नाही. संकुलाचा नकाशा कागदावर असताना कोणी खेळाडू त्या खोलीत असता तर एका वाक्यात हे सुटलं असतं.

गवत आणि पाणी

नव्या मैदानावर लावलेलं गवत म्हणजे आपली हरळीच, सुधारित जातीची. आमच्या क्लबातल्या निम्म्या पोरांचे बाप शेतकरी आहेत. ज्यांनी उभ्या जन्मात हरळीची मुळी खणून बांधावर टाकली, ते लोक संकुलात येऊन तुषार सिंचनाखाली ती डोलताना पाहून गप्प झाले. एका काकांनी खाली वाकून एक काडी उपटली, मुळाशी पाहिलं आणि म्हणाले, "चांगली धरनी शे." म्हणजे मुळं चांगली धरली आहेत. त्यांच्या आवाजात मला कौतुकच वाटलं.

पण त्या गवताची तहान मोजायला हवी. १०५ बाय ६८ म्हणजे ७,१४० चौरस मीटर. रोज फक्त पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी ३५,७०० लिटर लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. आणि खानदेशच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा, पाच मिलिमीटर पुरत नाही. गावात आठवड्यातून एकदा नळ येत असताना मैदानाला रोज एवढं पाणी घालणं मला स्वतःला पटत नाही. आमच्या आग्रहावरून उन्हाळ्यात मैदान दोन महिने विश्रांतीला ठेवायचं, गवत मरणार नाही एवढंच पाणी द्यायचं आणि पावसाळ्यात त्याला पुन्हा उठू द्यायचं असं ठरलं. हरळी यात तरते, तिचा तो स्वभाव आहे. त्या दोन महिन्यांत पोरांनी कुठे खेळायचं, याचं उत्तर पुन्हा जुन्या पटांगणाकडेच जात होतं.

भाडेकरू

संध्याकाळची वेळ तोंडी कबूल झाली होती, हे वर आलंच. चार महिन्यांनी पोलीस भरतीची जाहिरात निघाली आणि तालुक्यातली सगळी तरुण पोरं-पोरी मार्गावर धावायला येऊ लागली. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. ज्यांच्या घरात नोकरी नाही त्यांच्यासाठी ते धावणं पोटाचं आहे, त्यांना बाजूला व्हा म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण आमचा चेंडू पट्ट्यांवर जायचा, त्यांचा गोळा मैदानात पडायचा. एकदा थोडक्यात अपघात टळला. समितीने आमची वेळ निम्मी केली. आमच्या हातात कागद नव्हता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

इंग्लंडच्या कोव्हेंट्री सिटीचं उदाहरण मला तेव्हा सतत आठवायचं. १८९९ पासूनचं स्वतःचं हायफील्ड रोड हे मैदान सोडून ते २००५ मध्ये बत्तीस हजारांच्या नव्या, पण दुसऱ्याच्या मालकीच्या स्टेडियममध्ये गेले. पुढे भाड्यावरून वाद पेटला आणि २०१३-१४ च्या हंगामात त्या क्लबला आपले घरचे सामने पन्नासेक किलोमीटरवरच्या नॉर्दम्प्टनमध्ये खेळावे लागले. पाठीराखे प्रवास करेनात. २०१९ ते २०२१ या काळात पुन्हा बर्मिंगहॅमला जावं लागलं. स्टेडियम देखणं असून काय, किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

आम्ही आता वेळापत्रक लेखी घेतलं आहे, वार आणि तास लिहून, समितीच्या शिक्क्यासह. भरतीच्या पोरांसोबत बसून वेळ वाटून घेतली. चेंडू पट्ट्यांवर जाऊ नये म्हणून गोलमागे जाळी लावली, ती त्यांच्यातल्याच चौघांनी आमच्यासोबत ताणली. पुढचा प्रयत्न लांब मुदतीच्या कराराचा आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो नोंदवावा लागतो, हे अशा कामात पडणाऱ्या प्रत्येक क्लबने लक्षात ठेवावं. आणि क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर नोंदणीतला पत्ता बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही तो उशिरा दिला आणि त्यापायी नाहक दोन फेऱ्या पडल्या.

आबांचा फोन

स्थलांतराला तीन महिने होत आले तेव्हा एका सकाळी आबांचा फोन आला. "भाऊ, पटांगनवर खडी पडनी." मी गेलो. मधोमध नाही, एका कोपऱ्यात, पण चांगले दोन ट्रक खडी. पलीकडे कापसाचे चार ट्रक उभे होते आणि जिथे आमचा गोल होता तिथे कोणाच्यातरी लग्नाच्या मांडवाचे खड्डे. रिकामी जागा आमच्याकडे रिकामी राहत नाही. रोज संध्याकाळी तिथे त्रेपन्न पोरं धावत होती तोवर एकाही ट्रकवाल्याला तिथे गाडी लावायचं सुचलं नव्हतं.

नगरपालिकेच्या विकास आराखड्यात त्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण आरक्षण आणि मालकी या वेगळ्या गोष्टी आहेत. जागा खाजगी असेल आणि आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपतं. आम्ही सातबारा काढला, आराखड्याची तारीख पाहिली. घड्याळ चालू होतं.

त्याच संध्याकाळी आबा, कोच आणि मी फक्कीची पिशवी घेऊन पटांगणावर गेलो. मोठं मैदान आखायचा प्रश्नच नव्हता. लहान पोरांना ते लागतही नाही, त्यांना लहान मैदानावर लहान गोलने खेळवणंच योग्य, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. लोखंडी पाइपचे दोन छोटे गोल वेल्डिंगवाल्याने मजुरी न घेता करून दिले. असे हलते गोल अंगावर उलटू शकतात, म्हणून मागच्या दांड्यांवर वाळूची पोती बांधली. शेजारच्या ओट्यांवरून पोरं पाहत होती. रेघ मारून होईपर्यंत नऊ जमली.

त्याच सुमारास एव्हर्टनची बातमी वाचली होती. लिव्हरपूलचा हा क्लब १८९२ पासून गुडिसन पार्कवर खेळत होता. १८ मे २०२५ रोजी पुरुष संघाचा तिथला शेवटचा सामना झाला आणि क्लब नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलेल्या, बावन्न हजारांहून जास्त प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. गुडिसन पाडून तिथे दुसरं काही उभारायचा बेत होता. तो त्यांनी बदलला आणि ते जुनं मैदान महिला संघाला घर म्हणून दिलं. मी ही बातमी कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवली. एवढा श्रीमंत क्लब जुनं घर मोडत नाही, तर आपण का मोडावं, असं विचारलं. यावेळी हशा झाला नाही.

आज कसं चाललंय

सोमवार, बुधवार, शुक्रवार बारा वर्षांच्या आतली पोरं आणि सगळ्या मुली जुन्या पटांगणावर. मोठी पोरं नव्या स्टेडियमवर. महिन्यातून दोन रविवारी सकाळी सगळे एकत्र नव्या मैदानावर येतात, लहानांना आणि मुलींना दोन ठरलेल्या गाड्या घेऊन जातात, प्रत्येक गाडीत एक पालक असतो, आणि फाटक बंद असेल तर सगळे गाडीतच बसून राहतात. गाड्यांचा खर्च वर्गणीतून निघतो. तो जड जातो, हे खरं आहे. पण रोलर आणि मुरूमावर जे जात होतं ते आता कमी झालं आहे.

कोचचं म्हणणं असं की दोन ठिकाणी विभागल्यामुळे त्यांचं काम वाढलं, आणि लहान पोरं मोठ्यांना रोज बघून जे शिकायची ते तुटलं. ते बरोबर आहे. जुन्या पटांगणावर नऊ वर्षांचं पोरगं रेघेबाहेर बसून सतरा वर्षांच्या दादाची फ्री किक पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर तशीच मारायचं. महिन्यातल्या दोन रविवारांनी ते भरून निघत नाही. मोठ्या पोरांनी पाळीने एकेका बुधवारी लहानांना शिकवायला यायचं असं ठरवलं आहे, काही येतात, काही विसरतात. दुसरीकडे, मोठ्यांचा खेळ नव्या मैदानावर खरंच उघडला. ती आता लांब चेंडू मारतात आणि तिथे पोचणारा कोणीतरी असतो. घोट्याची दुखापत गेल्या हंगामात एकही झाली नाही.

लहान चोविसांपैकी एकवीस परत आली. मुलींपैकी पाच. उरलेल्या दोघींच्या घरी मी पुन्हा गेलो होतो. एकीने शिकवणी लावली आहे, त्याच वेळेची. दुसरीचे वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. दोन्ही नावं वहीत ठेवली आहेत.

जागेच्या आरक्षणाबद्दल नगरपालिकेला अर्ज दिला आहे, सोबत हजेरीच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. खडी अजून हललेली नाही. आबा रोज संध्याकाळी तिच्या अलीकडून फक्कीची रेघ मारतात आणि दर आठवड्याला ती रेघ वीतभर खडीकडे सरकवतात.